किरमिजी रंग आणि आर्मेनियाचा आहेर



हल्ली आपल्या डोंबिवली-कल्याणच्या घरांत आर्मेनियाच्या भेटवस्तू दिसू लागल्या आहेत. आपल्याकडची काही मुले डॉक्टर व्हायला येरेवानला जातात आणि सुट्टीत येताना आजी-मावशांसाठी काहीबाही घेऊन येतात. चांदीच्या तारेचे कानातले, डाळिंबाच्या आकाराचे पदक, सुईने विणलेल्या जाळीचा रुमाल, लाल स्कार्फ. डाळिंब तिकडे भरभराटीचे चिन्ह मानतात, म्हणून लग्नाच्या आहेरालाही ते शोभते. माझ्या जाऊबाईंना नातवाने असाच एक लाल स्कार्फ आणला आणि मंडळात विषय निघाला, हा घालून मंदिरात जायचे का? रेशमाबद्दल कोणाचे दुमत नव्हते. किडा मारून काढलेला धागा, संपले. मला मात्र लाल रंगाबद्दल बोलायचे होते.

आपण सहज म्हणतो, ‘किरमिजी रंगाची साडी’. या शब्दात किडा बसलेला आहे. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा, आपल्या ‘कृमी’चा सख्खा भाऊ. त्यावरून अरबीत किरमिझ झाले आणि तेथून फिरत ते आपल्या तोंडी आले. आर्मेनियन भाषेत लाल रंगाला ‘कार्मिर’ म्हणतात, तोही याच कुळातला. त्यांच्या जुन्या प्रसिद्ध रंगाचे नावच ‘वोर्दान कार्मिर’, म्हणजे किड्याचा लाल.

हा किडा अरारात पर्वताच्या पायथ्याच्या खाऱ्या, दलदलीच्या जमिनीत गवताच्या मुळांशी राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास माद्या पहाटे जमिनीवर येतात. तेवढ्या थोड्या वेळात त्या वेचायच्या, मारून वाळवायच्या आणि त्यातली चरबी काढून रंग करायचा. थोड्याशा रंगासाठी किती जीव जात असतील, त्याचा हिशेब मनातल्या मनात करून पाहा. असुरांचा राजा सारगोन याने इ. स. पू. ७१४ मध्ये त्या भागावर स्वारी केली, तेव्हाच्या लुटीच्या यादीत तिथली लाल वस्त्रे आहेत. पुढे अरब इतिहासकार बलाधुरी याने आर्ताशात शहराला ‘किरमिजाचे गाव’ म्हटले. तिथल्या हस्तलिखित पोथ्यांतल्या चित्रांतही हा लाल रंग वापरलेला आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून निवडुंगावरचा तसाच किडा आणला, तो स्वस्त पडला आणि आर्मेनियाचा धंदा बसला. त्या किड्याचा रंग अजून आपल्या घरात शिरतो. परदेशी गोळ्या-चॉकलेटच्या पाकिटावर ई १२० हा आकडा दिसला की पाकीट परत ठेवा.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे आर्मेनियन लोकांची मला खरी ओढ वाटते ती त्यांच्या वह्यांमुळे. इराणमधल्या नव्या जुल्फाचा होव्हानेस नावाचा मुनीम १६८२ साली शेठजींचे २५० तुमान भांडवल घेऊन निघाला. करार असा: नफ्याचे तीन हिस्से शेठचे, एक याचा. सुरत, आग्रा, पाटणा, काठमांडू करत तो ल्हासापर्यंत गेला आणि तिथे काही वर्षे राहिला. कापड, नीळ, कस्तुरी, सगळ्याची खरेदी-विक्री, भाडे, जकात, दलाली त्याने १६९३ पर्यंत लिहून ठेवली. ती वही आज लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वाचताना आमच्या आजोबांच्या चोपड्या आठवतात.

सुरतेच्या बाजारात हे लोक आपल्याच माणसांच्या शेजारी बसत. सतराव्या शतकातला तिथला सर्वांत मोठा सावकार वीरजी व्होरा हा जैन होता. एका बाजारात, एकाच मालाचा भाव करणारे दोन समाज. दोघांनाही घरापासून दूर राहून विश्वासावर धंदा करायचा होता.

पण आपल्याकडे एक फरक होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत पाच ‘वाणिज्ये’ आहेत: दंत, लाक्षा, रस, केश आणि विष. म्हणजे हस्तिदंताचा व्यापार नको, तसा लाखेचाही नको. लाख हीसुद्धा किड्याचीच. नफा किती आहे हे न पाहता माल कशापासून होतो हे आधी पाहा, असे सांगणारा नियम वाणिज्याच्या पुस्तकात मला कुठे भेटला नव्हता. आता आपण व्यापार करत नाही, आपण खरेदी करतो. पण मागणी नसेल तर व्यापार कोणासाठी चालेल? आणि हो, परक्यांच्या रंगावर बोट ठेवताना आपल्या लाखेच्या बांगड्याही डोळ्यांसमोर ठेवा.

मुंबईतही त्यांची खूण आहे. फोर्टमध्ये नगीनदास मास्टर मार्गावर, म्हणजे जुन्या मेडोज स्ट्रीटवर, १७९६ सालचे सेंट पीटर आर्मेनियन चर्च आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरलात तर चालत जाता येते. तो समाज आता मुंबईत नावापुरताच उरला आहे.

हातकामाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१५ पासूनच्या कत्तलींत लाखो आर्मेनियन मारले गेले. अनाथ मुलींना लेबनॉनमधल्या गझीर गावी आसरा मिळाला. तिथल्या सुमारे चारशे मुलींनी मिळून एक गालिचा विणला. गाठी ४४ लाखांहून जास्त. मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून १९२५ मध्ये तो अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. आई-वडील, घर, गाव, काहीच उरले नसताना त्या मुलींच्या हातात द्यायला एवढेच होते. हे वाचल्यापासून ‘हाताने केलेले’ हे शब्द चिठ्ठीवर दिसले की मी थांबते.

म्हणून सरसकट नको म्हणायला माझे मन तयार नाही. आज बाजारात मिळणाऱ्या स्कार्फचा लाल रंग बहुधा रासायनिकच असतो. खरा वोर्दान कार्मिर दुर्मीळ आणि महाग. तरी विचारा. चांदीचे तारकाम घ्या, दगडाचे मणी घ्या. सुईच्या जाळीकाम तर जरूर घ्या, फक्त दोरा सुती आहे ना ते पाहून. आपल्या क्रोशासारखेच दिसते, पण त्यात आकडा नाही, नुसत्या सुईने एकेक गाठ मारतात.

जाऊबाईंच्या स्कार्फची चिठ्ठी शेवटी भिंग लावून वाचली. रेशीमच निघाले. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला आणि नातवाला फोन केला, “बाळा, पुढच्या खेपेला सुती जाळीचा रुमाल आण, आणि विणणाऱ्या बाईंचे नावही विचारून ये.”