नजरअंदाज आणि वय

न मोजता, नुसते पाहून संख्या किंवा परिमाण ठरवणे म्हणजे नजरअंदाज. तीन-चार वस्तू डोळा एका दमात अचूक टिपतो. पुढे चुका सुरू होतात. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये डबीत काळे दाणे टाकून स्वतःवरच हे पडताळले: ४ दाण्यांपर्यंत एकही चूक नाही, ५ पासून सुरुवात. मोठ्या संख्यांतला फरक प्रमाणाने कळतो. १० आणि १५ जितके सहज वेगळे दिसतात तितकेच १०० आणि १५०. १०० आणि १०५ मात्र चकवतात.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ ते ८५ वयाच्या १० हजारांहून अधिक लोकांच्या, ठिपके दाखवून घेतलेल्या चाचणीत संख्येची ही जाण तिशीच्या आसपास सर्वांत तल्लख आढळली. नंतर ती सावकाश उतरते. पण सगळी घसरण संख्येच्या जाणिवेची नसते. ठिपके थोडे पण मोठे असले, की आकाराचा मोह बाजूला सारावा लागतो आणि उतारवयात तेच जड जाते. शिवाय चाचणीतले ठिपके क्षणभर चमकून जातात. शेतातला ऊस कुठे पळून जात नाही.

नीरा डाव्या कालव्यावरच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात या मोहाशी गाठ रोजची. बांधावरून उंच, हिरवागार ऊस नेहमी जास्तच वाटतो. म्हणून मुरलेला शेतकरी सरीत शिरतो, हातभर अंतरातले ऊस मोजतो, कांड्या बघतो, एखादा ऊस तोलून पाहतो. एकरात ४० हजार ऊस, दर उसाला दीड किलो, म्हणजे ६० टन. इथे नजरेला हिशेबाचा आधार मिळतो, आणि सरावाची आकडेमोड निरोगी म्हातारपणी बरीच टिकते. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याचा वजनकाटा गळीत हंगामात अंदाजाची परीक्षा घेतोच.

जमिनीचा कसही असाच जोखला जाई. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची जमाबंदी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच प्रथम लागू झाली. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीची प्रत लावायची. उत्तम जमीन सोळा आणे, म्हणजे पूर्ण रुपया. पिकाची आणेवारीही अशीच प्रमाणात बोलते, आणि जुनी माणसे अजून ‘बारा आणे पीक’ म्हणतात. सरकारदरबारी आता पैसेवारी चालते. ती ५० पैशांखाली गेली तर टंचाई धरतात. त्यासाठी पीककापणी प्रयोगात प्रत्यक्ष वजन घेतले जाते.