संगीत मानापमान: एका नाटकाचे अनेक धैर्यधर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर इंग्रज सरकारने बंदी घालून जेमतेम वर्ष लोटले होते. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या कारभाराचे प्रतिबिंब प्रेक्षकांनी ज्या नाटकात ओळखले, त्याच्या कर्त्याने यानंतर प्रेमकथेचा आणि विनोदाचा आश्रय घेतला, असे वरवर दिसते. मात्र धनाढ्य घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते, पुढे वनमालेच्या वेषात त्याचे शौर्य जाणून घेते आणि श्रीमंत पण भित्र्या लक्ष्मीधराचे पितळ उघडे पडते, या कथानकात संपत्तीपेक्षा पराक्रम श्रेष्ठ हा ‘केसरी’कार टिळकांच्या परिवारातील विचार स्पष्टपणे वावरतो.

या नाटकाचे वेगळेपण त्याच्या संगीतात अधिक आहे. 1880 सालच्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकापासून नाटककार स्वतःच पदांना, म्हणजे पात्रांनी गायच्या गीतांना, साकी, दिंडी, लावणी किंवा कीर्तनातील परिचित चाली लावत असे. ‘मानापमाना’साठी हे काम हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यांनी ठुमरी, दादरा, कजरी या उत्तर हिंदुस्थानी उपशास्त्रीय प्रकारांचा लडिवाळपणा मराठी पदांत उतरवला. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 1902 साली आलेल्या एडवर्ड जर्मन यांच्या ‘मेरी इंग्लंड’सारख्या हलक्याफुलक्या संगीतिकेत वाद्यवृंदाचा प्रत्येक स्वर कागदावर बांधलेला असे, टेंब्यांची चाल मात्र गायक नटाने दरवेळी नव्याने फुलवायची असल्याने, नट बदलला की नाटकाचा तोलही बदलत असे.

पहिल्या प्रयोगात भामिनीची भूमिका बालगंधर्वांनी, धैर्यधराची नानासाहेब जोगळेकरांनी आणि लक्ष्मीधराची गणपतराव बोडसांनी केली. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली असतानाही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही, ही घटना त्या काळातील नाटक कंपनीच्या शिस्तीची आणि त्या शिस्तीने मागितलेल्या मोलाची साक्ष देते. जोगळेकरांच्या मृत्यूनंतर कंपनीची घडी विस्कटली. 1913 साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि धैर्यधराच्या वेषात खुद्द टेंबे उभे राहिले. पुढे मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी 1918 साली उभारलेल्या बळवंत संगीत मंडळीत धैर्यधराच्या पदांना नवे, पंजाबी ढंगाचे आक्रमक रूप दिले. टेंब्यांच्या मूळ रचनेत भामिनीकडे झुकलेले पारडे दीनानाथांनी वीराच्या बाजूला आणले, आणि आज श्रोत्यांना धैर्यधर म्हणून जो आवाज आठवतो तो बहुतांशी त्यांच्याच वळणाचा आहे.

या नाटकाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणजे 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला ‘संयुक्त मानापमान’, अर्थात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून केलेला एकत्र प्रयोग. ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. हा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी, म्हणजे स्वातंत्र्यचळवळीच्या निधीसाठी होता, आणि ही बाब पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. दोन गायकांतील चढाओढीच्या आठवणी पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या, परंतु ज्या नाटकाने राजकीय बंदीनंतर विनोदाचे आवरण घेतले होते, तेच नाटक दहा वर्षांनी उघडपणे राष्ट्रकार्याच्या कामी आले, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व मानले पाहिजे. त्यानंतर तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले, त्यामुळे या जोडीचे पुढचे पर्व आरंभापूर्वीच संपले.

बोलपटाच्या आगमनानंतर फिरत्या कंपन्या मोडल्या, रात्रभर चालणारे प्रयोग आटोपशीर झाले आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे गेल्या. तरीही राम मराठे यांच्यासारख्या गायक नटांनी धैर्यधराची परंपरा मैफलीच्या बळावर टिकवली. 10 जानेवारी 2025 रोजी सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे कथानक चित्रपटरूपात आले, त्याला शंकर-एहसान-लॉय यांनी संगीत दिले आणि धैर्यधराची भूमिका दिग्दर्शकानेच केली.