सायक्लोस्टाइलचा कागद

हल्लीं छायाप्रत क्षणांत निघते. म्हणून शंभर प्रतींसाठीं पूर्वी पडणारे कष्ट तरुण वाचकांस सांगावयास हवेत. टंकयंत्राची फीत बाजूस सारून मेणवलेल्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, मजकूर ठोकावयाचा; अक्षरांच्या जागीं मेण हटे आणि फिरत्या रुळाची शाई तेथून खालच्या कागदावर उतरे. चूक लाल द्रवानें बुजवीत. हात काळे होत, तें निराळेंच!

गेस्टेटनर यांनीं १८८१ सालीं दंतचक्राच्या लेखणीनें या साधनाचा पाया घातला, तो कचेऱ्यांच्या सोयीसाठीं. परंतु १९३० सालीं तें सरकारासच जड गेलें. अकोला जिल्ह्यांत दहीहांडा येथें विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंग झाला; त्याच वर्षीं मुद्रण-अध्यादेशामुळें छापखान्यास मुकलेलें गांधीजींचें 'यंग इंडिया' सायक्लोस्टाइलवर निघूं लागलें. छापखान्यास टाळें ठोकतां येतें. स्टेन्सिल चुलींत गेली कीं पुरावा संपला.

अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला १९५५ सालीं. पुढें ४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस वाट दिली, आणि छापील पुस्तकें हातीं येईपर्यंत ठिकठिकाणच्या चर्चांत अशाच पानांवर काम भागलें. तो कागद शाई शोषणारा, जाडाभरडा. आतां पिवळा पडून घडीवर तुटतो. कोणाच्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत एखादें पान असल्यास, घडी न उलगडतां जपून आणावें.