उतारावरचे न्यूट्रल आणि इंधनाचा हिशेब

बालाघाटच्या माळावरून रस्ता मांजरेच्या खोऱ्याकडे उतरू लागला, की आपल्याकडच्या पुष्कळ चालकांचा हात आपोआप गियरच्या दांड्यावर जातो. गाडी न्यूट्रल होते आणि उतारावर सोडून दिली जाते. येरमाळ्याहून कळंबकडे येणारी जीप असो, कार असो की मोटारसायकल, ‘डिझेल वाचतं, पेट्रोल वाचतं’ हे कारण ठरलेले. नवशिक्या पोराला क्लच शिकवतानाच हेही शिकवले जाते. हे मत चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे नीट सांगायला हवे. त्याआधी त्याची बाजू पूर्ण मांडली पाहिजे, कारण ती निराधार नाही.

पूर्वपक्ष असा. इंजिन जितके फेरे घेईल तितके इंधन पिईल. गियरमध्ये उतरताना ते मिनिटाला दोन हजार फेरे घेते, न्यूट्रलमध्ये आठशेच्या आसपास. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांना मागे ओढत नाही, म्हणून गाडी लांबवर जाते. त्यावर अनुभवाची साक्ष: टाकी फुल टू फुल मोजली, न्यूट्रल करणाऱ्याला ॲव्हरेज जास्त मिळाला.

पहिला मुद्दा कार्ब्युरेटरच्या काळात खरा होता. पाय उचलला तरी फिरणारे इंजिन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राही. फेरे जास्त, तर ओढही जास्त. पद्मिनी आणि ॲम्बॅसडर चालवलेल्या पिढीने हे शिकवले, त्यात त्या पिढीचा दोष नाही. पण २०००च्या आसपास आपल्याकडच्या पेट्रोल मोटारींत इंधन इंजेक्टरने सोडले जाऊ लागले आणि एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आल्यावर मोटारसायकलीही त्या वाटेने गेल्या. इंजेक्टरला हुकूम देणारा संगणक पाहतो की गाडी गियरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि फेरे आयडलच्या बरेच वर आहेत. मग तो इंधन पूर्ण बंद करतो. कमी नव्हे, बंद. इंजिन तेव्हा चाकांच्या जोरावर फिरते. फेरे बाराशे-पंधराशेच्या खाली आले, की पुरवठा पुन्हा सुरू. ज्याला शंका असेल त्याने गॅरेजमधला स्कॅनर लावून उतारावर इंजेक्टरचा आकडा पाहावा.

न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला फिरवणारे दुसरे कोणी नाही, ते बंद पडू नये म्हणून इंधन सोडावेच लागते. लहान पेट्रोल इंजिन आयडलला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर खाते. ताशी साठच्या वेगाने उतरताना एका किलोमीटरला एक मिनिट लागते, म्हणजे आठ ते बारा मिलिलिटर पेट्रोल. गियरमध्ये त्याच तीव्र उतारावर शून्य. क्लच दाबून उतरणाऱ्याचीही हीच गत, कारण चाकांचे आणि इंजिनाचे नाते तोही तोडतो.

डिझेलवाल्यांचा दावा तर जुन्या काळातही टिकत नव्हता. यांत्रिक पंपाच्या जीपमध्येही फेरे आवरणारा गव्हर्नर होता. पाय उचलला आणि फेरे आयडलच्या वर असले, की तोच डिझेल तोडत असे.

दुसरा मुद्दा अधिक भक्कम आहे आणि तो काही अंशी मान्य करायला हवा. उतार इतका हलका असेल की गियरमध्ये गाडी मंदावते आणि थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तर तेवढ्या पट्ट्यात न्यूट्रल खरोखर काही मिलिलिटर वाचवते. पण हा लाभ घाटात नाही, जिथे लोक तो हक्काने घ्यायला जातात. घाटात वेग वाढतच जातो, तो ब्रेकने मारावा लागतो, आणि गियरमध्ये असते तर इंजिनाने फुकट पेललेले काम ब्रेकचे पॅड तापून करतात.

खरा हेत्वाभास तिसऱ्या मुद्द्यात, अनुभवाच्या साक्षीत आहे. न्यूट्रल करणारा चालक नेमके काय करतो? तो पुढचा उतार आधी पाहतो, वळण आधी पाहतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचलतो आणि गाडीला तिच्या वेगाने जाऊ देतो. इंधन वाचते ते पाय लवकर उचलल्याने. श्रेय मात्र दांड्यावरच्या हाताला जाते. तोच चालक गियर न काढता तितक्याच लवकर पाय उचलेल, तर त्याला ॲव्हरेज मिळेलच, आणि तीव्र उतारावर थोडा अधिकच मिळेल.

पाय उशिरा उचलण्याची किंमत मोजून पाहू. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ८० ने चालली असेल, तर तिच्या अंगात सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा असते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर हा वेग कमवायला सुमारे ३० मिलिलिटर पेट्रोल जळालेले असते. लिटरला शंभरी ओलांडलेल्या भावाने ते तीन रुपये. गावाच्या तोंडावरच्या गतिरोधकापाशी ८० वरून २० वर ब्रेक मारला, की त्यातली दर सोळा आण्यांमागे पंधरा आणे ऊर्जा चाकाशी उष्णता होऊन जाते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेगाचा एक चतुर्थांश उरला तरी ऊर्जेचा सोळावा भागच उरतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे क्षणात वेग, क्षणात ब्रेक असा खेळ करणारा चालक हे तीन रुपये पुन्हा पुन्हा फेकत असतो, आणि मग उतारावर दहा मिलिलिटर वाचवायला न्यूट्रल करतो. जमा-खर्चाची ही उफराटी मांडणी मला सर्वांत जास्त खटकते.

सरळ रस्त्यावर हिशेब हवेचा आहे. सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून येरमाळ्याला वर चढले, की काटा सहज शंभरावर जातो. ८० वरून १०० वर गेल्यास हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. तीस किलोमीटरच्या पट्ट्यात वाचतात साडेचार मिनिटे. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली ती याच कारणाने. आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ४५ ते ५५चा वेग सांगत आली आहे. मोकळ्या महामार्गावर तो फार कमी वाटेल, पण दिशा बरोबर आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: गियरमध्ये उतरवल्याने इंजिन झिजते. इंजिन फिरते तोवर त्याचा ऑइल पंपही फिरतो, तेल पोहोचत राहते, आणि भारही कमी असतो. झिजतात ते ब्रेक, आणि तेही न्यूट्रलवाल्याचे. जड वाहन तर इंजिनच बंद करून सोडले, तर हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, आणि प्रत्येक दाबासरशी टाकीतला दाब उतरत जातो. नोव्हेंबर २०२२मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा इंजिन बंद ठेवून गाडी उतरवल्याचेच कारण प्राथमिक चौकशीत पुढे आले होते. तुळजापूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात भरलेला ट्रक न्यूट्रलवर सोडणारा चालक ज्या डिझेलसाठी हे करतो, ते गियरमध्ये उतरला असता तर जळालेच नसते.