बाजदारांचे पक्षिशास्त्र

वटवाघूळ उडते, कासव अंडी घालते. त्यामुळे उड्डाण किंवा अंडे हे पक्ष्याचे व्यवच्छेदक लक्षण ठरत नाही, आणि आजच्या जीवसृष्टीत केवळ पक्ष्याच्याच वाट्याला आलेली म्हणावी अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे पीस. या पिसाचे जितके सूक्ष्म ज्ञान मोगल अमदानीतील बाजदारांना, म्हणजे शिकारी पक्षी पाळणाऱ्यांना, होते, तितके त्या काळी क्वचितच कोणा पंडितास असेल, कारण त्यांची रोजी त्यावर अवलंबून होती. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांतही शिकारखाना होता. परंतु ससाण्यांच्या शिकारीचा खरा थाट उत्तरेकडील दरबारांत.

ससाण्याच्या पंखातले एखादे मोठे पीस मोडले की त्याची झेप उणी पडे, आणि नवे पीस येण्यासाठी पुढील पीसझडीपर्यंत थांबावे लागे. म्हणून बाजदार झडलेली जुनी पिसे जपून ठेवी. मोडलेल्या पिसाचा दांडा तिरपा छाटून, पंखातील त्याच जागेचे जुने पीस मापाने कापून घेई, आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेली तिधारी सुई दोन्ही दांड्यांत अर्धी अर्धी खुपसून ते सांधून टाकी. सुई आत गंजली की सांधा पक्का होई. पक्ष्यास यात वेदना नसे, कारण पूर्ण वाढलेले पीस नखाइतकेच निर्जीव असते. वाढत्या पिसात मात्र रक्त असते, म्हणून ते पक्व होईपर्यंत हा उपाय करीत नसत. नरापेक्षा मादी मोठी आणि जोरकस असते हेही ते जाणून होते, आणि म्हणून मादीला बाज व लहानखुऱ्या नराला जुर्रा अशी निरनिराळी नावे त्यांच्यात रूढ होती.

या विद्येवर अकबराचा समकालीन असलेल्या कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी तो 1910 साली कलकत्त्यास संपादून प्रसिद्ध केला. त्यात शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग केले आहेत, ते डोळ्यांवरून: काळ्या डोळ्यांचे आणि पाटल डोळ्यांचे. फारसी जाणणारे बाजदारही स्याहचश्म व गुलाबचश्म असाच भेद करीत. पहिल्या वर्गात बहिरी, लग्गड, तुरमती. यांचे पंख लांब व टोकदार, हे उघड्या आकाशातून भक्ष्यावर कोसळतात आणि चोचीच्या कडेवरील दातासारख्या खाचेने त्याची मान मोडतात. दुसऱ्यात बाज, बाशा, शिकरा. यांचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब, आणि हे झाडीतून झडप घालून नख्यांनीच जीव घेतात.

1758 साली वर्गीकरणकार लिनियसने मात्र या दोहोंना एकाच प्रजातीत कोंबले, आणि त्यानंतरही विद्वान दीर्घकाळ त्यांना निकटचे आप्त मानीत राहिले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने तो समज मोडला: बहिरी व तिचे सगोत्र हे पोपटांचे व चिमण्यांच्या विशाल गणाचे जवळचे नातलग ठरले, बाज-शिकऱ्यांचे नव्हेत. चोच आणि नखे यांचे साम्य मांसाहाराने आणलेले होते; बाजदारांची वर्गवारी या एका मुद्द्यावर लिनियसपेक्षा सरस होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा धंदा आपल्याकडे उरला नाही, आणि पक्ष्यांच्या हिताच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण शिकरा आजही आपल्या गावाशेजारच्या झाडांवर बसतो, आणि हिवाळ्यात जलाशयांवर बहिरी येते. दुर्बीण हाताशी असेल त्याने दोघांचे डोळे एकदा अवश्य ताडून पाहावेत.