चिंध्यांची बाहुली इतिहासाला का सापडत नाही? घोड-भीमेच्या खोऱ्यातील बालपणाचा शोध

१/ जुन्या लुगड्याचा तुकडा, आत कोंबलेल्या चिंध्या, दोऱ्याने आवळलेली मान आणि काजळाने रेखलेले डोळे. शिरूर-दौंडच्या घराघरांत अशा बाहुलीने कित्येक मुलींचे बालपण सांभाळले. म्हाताऱ्या झालेल्या स्त्रियाही तिची आठवण मायेने काढतात. तरीही या प्रदेशाच्या लिखित किंवा उत्खनित इतिहासात तिला जागा नाही. असे का व्हावे, याचा शोध या धाग्यात घ्यायचा आहे.

२/ शोधाची सुरुवात शिरूर तालुक्यातच होते. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके तपशीलवार चित्र भारतात फार थोड्या ठिकाणी हाती आले आहे.

३/ या वस्तीत दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतील बहुसंख्य बालकांची आहेत. मूल दगावले की घराच्या जमिनीतच खड्डा घेत. दोन मातीचे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यांत बालकाचा देह असे. सोबत लहान भांडीही ठेवली जात. मूल गावाबाहेर नेले जात नसे. रोज ज्या भुईवर घरची माणसे वावरत, तिच्याखालीच ते राही. त्या काळातील वात्सल्याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

४/ मग त्या मुलांची खेळणी कोठे आहेत? इनामगावला मातीच्या मूर्ती मिळाल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शोध आद्य जोर्वे काळातील, म्हणजे इ. स. पू. १४०० ते १००० दरम्यानचा आहे. एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची लंबगोल पेटी पुरलेली होती. तिच्यासोबत दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. एका स्त्रीमूर्तीला मस्तकच नव्हते. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे होती. काडी घातली की ती बैलावर आरूढ होई.

५/ ही बाहुली की देवता? संशोधकांनी तिचा संबंध मातृदेवतेच्या उपासनेशी जोडला. त्यामागे कारणे आहेत. मूर्ती न भाजलेल्या मातीच्या होत्या, म्हणजे रोज हाताळण्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. त्या पेटीसह जपून पुरलेल्या होत्या. खेळणे सहसा असे सापडत नाही. ते अंगणात हरवते, उकिरड्यात जाते किंवा फुटते. वस्तू काय होती हे तिच्या रूपापेक्षा ती कोठे आणि कशी मिळाली यावरून ठरते, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा.

६/ मात्र उलट बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पीटर उको यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात इजिप्त आणि क्रीटच्या प्राचीन मूर्ती तपासल्या. प्रत्येक स्त्रीमूर्तीला देवी ठरवण्याची घाई नको. त्यांतील काही मुलांच्या बाहुल्याही असू शकतात, असे त्यांनी बजावले. अभ्यासक देवता शोधत राहिले, तर मुले नजरेआड होतात.

७/ कापडाची अडचण याहून मोठी आहे. माती टिकते, कापड कुजते. पावसाळ्यात भिजणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली जमीन सूत, लोकर, रेशीम काहीच राखत नाही. अपवाद विलक्षण आहेत. घोड नदीच्याच काठावरील चांडोली येथे एका दफनात तांब्याच्या मण्यांसोबत जवसाच्या तागाचा दोरा मिळाला. प्रवरेकाठच्या नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत रेशीम व कापसाचा दोरा टिकून होता.

८/ हे दोरे टिकले कसे? तांब्याचे क्षार धाग्यात मुरले आणि कुजवणारे सूक्ष्मजीव तेथे वाढू शकले नाहीत. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात धागा होता, तो ओवणारे हात होते आणि ज्यांच्या गळ्यात माळ घालावी अशी लाडकी मुलेही होती. कापडी बाहुली होती असे यावरून सिद्ध होत नाही. ती नव्हती असेही म्हणता येत नाही. बाहुलीला तांब्याचा स्पर्श नसतो.

९/ कोरड्या वाळूत मात्र चिंध्यांची बाहुलीही टिकते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमनकालीन इजिप्तमधील एक बाहुली आहे. काळ इ. स. पहिले ते पाचवे शतक. जाडेभरडे तागाचे कापड आणि आत चिंध्या व पपायरसचे तुकडे. कोणत्याही मराठी आजीला ती कृती ओळखीची वाटेल. प्रेम नाईलकाठीही होते आणि घोडकाठीही. फरक हवामानाचा आहे.

१०/ हवामानाखेरीज आणखी एक कारण आहे. ही बाहुली जन्मतःच जुनी असते. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडीतून उरलेल्या तुकड्यांची बाहुली होई आणि बाहुली फाटली की तिच्या चिंध्या चुलीपाशी हात पुसायला जात. लाकडाची रंगवलेली ठकी विकत आणावी लागे, म्हणून ती फडताळात जपली जाई. चिंध्यांची बाहुली कुशीत झोपे, धुळीत लोळे आणि वापरूनच संपे.

११/ एकोणिसाव्या शतकात कापडाचे जग पालटले. मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दिकसाळपर्यंत रेल्वे धावू लागली आणि दौंड त्या मार्गावर आले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. भीमेकाठचे हे गाव जंक्शन बनले आणि गिरणीच्या कापडाला खेड्यांची वाट मोकळी झाली. बाहुलीच्या अंगावर आता छापील चिटाचा तुकडाही चढू शकत होता.

१२/ पण बाहुली खेळण्याचे वय फार थोडे होते. सावित्रीबाई फुले यांचा विवाह १८४० मध्ये, नवव्या वर्षी झाला. आनंदीबाई जोशी यांचाही १८७४ मध्ये, नवव्याच वर्षी. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या होत्या. भातुकलीत बाहुला-बाहुलीचे लग्न लावणाऱ्या मुलीचे स्वतःचे लग्न त्याच वयात उभे राही. लग्नाच्या यादीत भांडी, वस्त्रे, दागिने असत. बाहुलीची नोंद कोण करणार?

१३/ १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले. १९२९ च्या शारदा कायद्याने तिच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. कायदे कागदावरून घरात उतरायला अनेक दशके लागली. तरी बालपणाचा इतिहास लिहिताना या दोन तारखा विसरता येत नाहीत. मुलीच्या हाती बाहुली किती वर्षे राहावी, हा प्रश्नही त्यांच्याशी बांधलेला होता.

१४/ एका फाटक्या बाहुलीवर जन्मभर जीव का जडतो? इंग्रज बालवैद्य आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये एक निबंध वाचला. आईपासून हळूहळू वेगळे होताना मूल एखादी मऊ वस्तू धरून ठेवते आणि तिच्या जागी दुसरी, नवी वस्तू त्याला चालत नाही, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे ती बाहुली बहुधा आईच्या वा आजीच्या लुगड्याचीच असे. मूल आईपासून दूर जाताना तिच्याच पदराचा तुकडा हाती धरून जाई.

१५/ कोणत्या वस्तू टिकाव्यात हे माती, पाऊस आणि तांबे ठरवतात. त्यांतून मागच्या माणसांचे प्रेम पूर्ण मोजता येत नाही. म्हणून जिवंत साक्ष महत्त्वाची आहे. घरातील एखाद्या ट्रंकेत अशी बाहुली असेल, तर ती धुऊ नये, नवे डोळे काढू नयेत. स्वच्छ, कोऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. सोबत एक चिठ्ठी असावी: कोणी केली, कोणासाठी, कोणत्या गावी, कोणाच्या लुगड्यातून. आजी हयात आहे तोवर ही उत्तरे मिळतील. नंतर उरेल ते केवळ कापड.