हाडाचं कलम

कारंजा-आर्वीच्या पट्ट्यात जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, त्याला आपण कलम म्हणतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ लेखणी. इंग्रजीतला ‘ग्राफ्ट’ही ग्रीक भाषेतल्या लेखणीच्याच शब्दावरून आला, कारण तिरकस कापलेली काडी टाकासारखी दिसते. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलाच्या हिरडीत हाड भरतात, तेव्हा डॉक्टर ‘अस्थिरोपण’ म्हणतात. मला मात्र कलम हाच शब्द जवळचा वाटतो. बागेतलं कलम हंगाम चुकला की धरत नाही, आणि या शस्त्रक्रियेची सारी कुळकथा तिचा हंगाम शोधण्याचीच आहे.

हाड कुठून घ्यायचं, हे फार आधी उमगलं होतं. 1908 मध्ये लेक्सर यांनी सुटं हाड बसवून पाहिलं, 1914 मध्ये ड्राख्टर यांनी नडगीचं हाड वापरलं. 1950च्या दशकात युरोपातल्या शल्यविशारदांना वाटलं, तान्ह्या वयात ओठाबरोबरच हिरडीही सांधली तर दुसऱ्यांदा कापायलाच नको. हेतू मायेचा होता. पण मुलं वाढली तसा त्यांचा वरचा जबडा खुंटलेला दिसू लागला आणि बहुतेकांनी ती पद्धत सोडली. 1972 मध्ये बॉइन आणि सँड्स यांनी वेगळी वेळ मांडली: दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याचं वय, साधारण नऊ ते अकरा, सुळा उतरण्याआधी. तोवर वरच्या जबड्याची रुंदी बरीचशी झालेली असते. कंबरेच्या हाडाच्या कडेला छोटी खिडकी पाडून आतला जाळीदार गर खरवडून काढायचा, नाकाकडची बाजू शिवायची, फटीत तो गर दाबून भरायचा आणि वरून हिरडी घट्ट ओढून घ्यायची. जाळीतून रक्तवाहिन्या लवकर शिरतात. मग काठावर अडलेला सुळा त्या नव्या हाडातून खाली येतो, आणि त्याच्या मुळामुळेच ते हाड टिकतं. दात आला नाही तर हाड विरत जातं. ऑस्लोच्या शल्यविशारदांनी पुढे अनेक मुलांवर हेच दाखवून दिलं.

ओठ शिवला, चेहरा सुधारला, आता गरिबाच्या लेकराला आणखी का कापायचं, असं कुणी विचारेल. हा प्रश्न रास्त आहे. पंढरपुरात जन्मलेल्या डॉ. शरदकुमार दीक्षितांनी मोफत शिबिरं घेऊन असंख्य मुलांचे ओठ सांधले. त्या कामाची थोरवी वादातीत आहे. पण शिबिराचा मांडव उठतो आणि हिरडीतली फट राहते. तिच्यातून वरणाचं पाणी नाकात येतं, नाकपुडीला खालून आधार मिळत नाही, सुळा अडकतो. नऊ वर्षांनी त्याच मुलाला पुन्हा बोलावणारं ठिकाण हाकेच्या अंतरावर हवं. म्हणून सावंगी (मेघे) इथल्या शरद पवार दंत महाविद्यालयासारखी संस्था वर्ध्यात असण्याला मी मोल देतो: दंतव्यंगतज्ज्ञ आणि मुखशल्यचिकित्सक तिथे एका छताखाली भेटतात. मुलं परत येतच नाहीत, हा आक्षेपही खरा आहे. त्यावर 2013 पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम कामी येऊ शकतो, कारण त्याची पथकं शाळेत जातात आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. चौथीच्या वर्गात ओठावर जुना व्रण दिसला, तर त्या मुलाला तोंड उघडायला सांगून सुळा कुठवर आलाय एवढं पाहायला हवं.